‘निरंक’ म्हणजे नेमकं काय? शास्त्रज्ञ, कृषी सहायक आणि मधला गायब झालेला ‘शेरा’

जुना सहायक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. लांबला तर सांभाळून घ्या. हाताला सवय प्रपत्रं भरायची आहे, निबंध लिहायची नाही.

यवतमाळ जिल्ह्यात कृषी सहायक होतो, आता निवृत्त. परवा एका चर्चासत्राचं आमंत्रण आलं, विषय ‘संशोधक आणि विस्तार कर्मचारी यांच्यातील ज्ञानाची देवाणघेवाण’. वाचून हसू आलं. देवाण पुष्कळ पाहिली, घेवाण कधी पाहिली ते काही आठवेना. आठवलं ते २०१७.

त्या खरिपात माझ्याकडे पाच गावं होती. कपाशीच्या ठरलेल्या प्लॉटमध्ये कामगंध सापळे लावायचे (आत ल्यूर, म्हणजे मादी पतंगाच्या वासाचं आमिष, त्याला नर येतो), सकाळी पन्नीत अडकलेले पतंग मोजायचे, आठवड्यातून दोनदा आकडा वर पाठवायचा. ऑगस्टचे चार आठवडे एका गावचा आकडा शून्य. आम्ही शून्य लिहीत नाही, ‘निरंक’ लिहितो. आठ वेळा निरंक पाठवलं.

सप्टेंबरात त्या गावच्या एक काकू बांधावरून हाका मारत आल्या. पदरात हिरवी बोंडं. बाहेरून धडधाकट, डाग नाही की छिद्र नाही. विळ्यानं चिरून दाखवली तर आत गुलाबी अळी. म्हणाल्या, “साहेब, तुमच्या पन्नीत काही नाही म्हनता, मंग हे काय हाय?”

संध्याकाळी सापळा उतरवला, ल्यूरचं रिकामं पाकीट शोधून काढलं. हेली ल्यूर. म्हणजे अमेरिकन बोंडअळीचा, हरभऱ्यावर जिला घाटेअळी म्हणतो तिचा. गुलाबी बोंडअळीच्या नराला त्या वासाचं काय सोयरसुतक? त्याला पेक्टिनो ल्यूर लागतो. आधीच्या हरभऱ्याच्या कार्यक्रमातले उरलेले ल्यूर आमच्या खोक्यात आले होते. चूक कोणाची ते उकरायला हा धागा नाही. माझीही आहेच, मी पाकीट वाचलं नव्हतं.

खरं सांगायचंय ते पुढे. ऑगस्टच्या मध्यातच मला डोमकळ्या दिसल्या होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अळी फुलात शिरून आतून पाकळ्या जाळ्याने बांधून टाकते, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. कागदी प्रपत्रात शेवटी ‘शेरा’ असा रकाना असायचा. त्यात मी दोनदा लिहिलं, ‘पतंग आढळत नाहीत, परंतु डोमकळ्या दिसतात. सापळ्याची खात्री व्हावी.’ कागद माझ्याच फायलीला राहिला. मोबाईलवरच्या फॉर्मात शेरा नव्हता. निरंक तेवढं वर गेलं आणि वरच्या नकाशात आमचं गाव हिरवंगार.

वरून खाली येणाऱ्याचीही तीच गत. ‘सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणी घ्या’ हे मी किती सभांत म्हटलं असेल, मोजदाद नाही. तीनच रात्री का, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: “विद्यापीठाची शिफारस आहे.” पुढे अकोल्याच्या शिवार फेरीत एका तरुण शास्त्रज्ञाने चालता चालता सांगितलं, की पाऊस आला, वारा सुटला की एका रात्रीचा आकडा खालीवर होतो, एका रात्रीवर भरवसा ठेवून औषध वाया घालवू नये म्हणून तीन. दोन मिनिटं लागली त्याला. मी तोवर अर्धी नोकरी संपवली होती. शेतकऱ्याला हे कारण सांगितलं असतं तर त्याने पावसाच्या रात्रीनंतर सापळा कसा वाचायचा ते स्वतःच ताडलं असतं.

तर विचारायचं एवढंच. तुमच्या भागात, तुमच्या पिकात, शेतातली शंका प्रयोगशाळेपर्यंत पोचलेली कुणी पाहिली आहे का? पोचली तर कुठल्या वाटेने?

चहा_बिस्कीट

वाचतोय. काका, ‘खात्री व्हावी’ म्हणजे ती करायची कोणी? :)

जुना सहायक

पकडलंत. कर्ता नसलेल्या वाक्यांत अख्खी नोकरी काढली.

वऱ्हाडी ठेचा

काका, आमाले त त्या साली दुसऱ्या वेचनीलेच समजलं. कापूस कवडी निघाला, वेचाले बाया यायले तयार नोयत्या. मंग जो तो कृषी केंद्रावर. जे भेटलं ते पंपात. त्याच पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारनीनं मानसं गेले, दवाखाने भरले होते, ते तुमी लिवलं नाही म्हनून मी लिवतो. अळी बोंडाच्या आत बसली असन त वरून कितीबी मारा, तिले काय लागते? पन हे कोनं सांगतलं आमाले, तेबी टायमावर?

दुसरी गोष्ट. फरदड घेऊ नका म्हनतेत, म्हंजे हंगाम सरल्यावरबी पऱ्हाटी उभी ठेवून कापूस घेऊ नका. काहून नको ते आता समजलं. अळी सरकीत झोपून रायते अन् पुढच्या सालाले निंगते. पटलं. पन डिसेंबरात पऱ्हाटी उपटली त मार्चपर्यंत घरात पैसा कुठून येईन? ओलितवाला हरभरा पेरते. कोरडवाहूवाल्यानं काय करावं? हा प्रश्न कोन्या शास्त्रज्ञाले पाठवाचा होता, पत्ता भेटन काय?

कीटकवाला

पत्ता माझाच समजा. कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवतो, थोडं संशोधन करतो. म्हणजे या धाग्यावर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे.

सहायक काका, तुमचं ‘निरंक’ आमच्याकडे कसं दिसायचं ते सांगतो. पतंग नाहीत, सापळा निकामी आहे, किंवा त्या दिवशी कुणी शेतात गेलंच नाही, या तिन्ही गोष्टी आमच्या पडद्यावर एकाच शून्याने येतात. नोंद शून्य असणं आणि नोंदच नसणं वेगळं, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो, चुकलं तर गुण कापतो. स्वतःच्या फॉर्मात मात्र तो फरक ठेवायचं कुणाला सुचलं नाही. शेजारच्या गावात पतंग पडतायत आणि तुमच्याकडे चार आठवडे निरंक, हे खटकायला हवं होतं. कुणाला तरी खटकलंही असेल. पण फोन कुणाला करायचा? आकड्यासोबत गावाचं नाव असतं, मोजणाऱ्याचं नाही.

अळी येणार हे माहीत नव्हतं असं मात्र नाही. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक झाडातच घातलेला, २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. एका जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातेत २०१० मध्येच जाहीर झालं होतं. पुढच्या काही वर्षांत तिथेच दोन जनुकांच्या वाणांवरही ती दिसू लागली. आमच्या बैठकांत यावर घसे कोरडे झाले. पण ‘गुजरातेत प्रतिकारक्षमता आढळली’ या वाक्याचं ‘या पंधरवड्यात तुमच्या वावरातली वीस हिरवी बोंडं फोडून बघा’ असं वाक्य आपोआप होत नाही. ते करणारा माणूस लागतो. तो कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हता.

शिफारशीमागे कारण का येत नाही, तेही सांगतो. चार कृषी विद्यापीठं, राहुरी, अकोला, परभणी, दापोली. वर्षातून एकदा त्यांची संयुक्त बैठक होते, आम्ही तिला ‘जॉइंट अ‍ॅग्रेस्को’ म्हणतो. तीन-तीन हंगामांचे प्रयोग, त्यांचे तक्ते, त्यावर उलटतपासणी, आणि शेवटी मंजूर होतं ते तीन ओळींचं एक वाक्य. ते वाक्य अकोल्याच्या कृषी संवादिनीत, राहुरीच्या कृषिदर्शनीत छापून येतं. चाळीस पानांची चर्चा बैठकीच्या हॉलमध्येच राहते. तुमच्या ‘तीन रात्री’ मागचं कारण असंच कुठल्यातरी चाळीस पानांत आहे.

ठेचा भाऊ, फवारणीबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर लगेच काही बोलावंसं वाटत नाही. एकच सांगतो. कुणी सहायक मला रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो, “सर, ही दोन औषधं एकत्र मारली तर चालेल?” मी गप्प बसतो. माज म्हणून नाही. त्या पिकावर, त्या किडीसाठी लेबल क्लेम, म्हणजे औषधाच्या लेबलवरची अधिकृत मंजुरी, नसेल तर मी लिहून देऊ शकत नाही, आणि मिश्रणाचा प्रयोग आमच्याकडे झालेला नसतो. पण मी गप्प राहिलो की उत्तर दुसरं कुणीतरी देतं, हेही मला कळतं.

आणि हो, बढतीला शोधनिबंध मोजतात, नियतकालिकाला कृषी विज्ञान अकादमीने दिलेलं नास रेटिंग बघून. तुमच्या शेऱ्याला उत्तर दिलं तर गुण शून्य. या शून्याचा मात्र एकच अर्थ आहे.

चहा_बिस्कीट

सर, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा केबिनमध्ये. +१

रानवाटा

उशिरा पाहिला धागा. मी कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ आहे, म्हणजे दोन्हीकडची बोलणी खायला नेमलेली बाई.

पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला सुरू झालं. कीटकवाला सर म्हणतात तो ‘वाक्य बदलणारा माणूस’ म्हणूनच खरं तर आमचा जन्म. शिफारस शेतकऱ्याच्या रानात लावून बघायची, जमली नाही तर का नाही ते परत कळवायचं. पहिला अर्धा भाग आम्ही मन लावून करतो. किती प्रात्यक्षिकं झाली, किती प्रशिक्षणं, किती लाभार्थी, सगळं अहवालात जातं. ‘जमली नाही’ याला अहवालात जागा नाही. फसलेलं प्रात्यक्षिक बहुधा ‘पावसाच्या खंडामुळे’ फसतं. पाऊस बिचारा खुलासा करायला येत नाही.

मी एक वही ठेवली आहे, शेतकऱ्यांनी नाकारलेल्या शिफारशींची. त्यातलं एक पान देते.

बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची. रेफ्युजी. ती कपाशीभोवती लावायची, हे आम्ही गावोगाव सांगितलं. गावोगाव ती पुडी बांधावर फेकलेली दिसायची. आमच्या अहवालात लिहिलं गेलं, ‘शेतकऱ्यांमध्ये जागरूकतेचा अभाव’. एकदा जेवताना एका काकांना सहज विचारलं, काहो, का नाही लावत? ते म्हणाले, “ताई, ते बी वेगळ्याच जातीचं असते, उगवते कमी, आधी-मागं फुटते. अन् अळीसाठी मी माझ्या पाच ओळी कशापायी सोडू?”

शेवटचा प्रश्न ऐकून मी घास हातात धरून थांबले. कारण त्या पाच ओळी अळीसाठीच सोडायच्या होत्या! तिथे बीटी न खाल्लेले, बीटीला बळी पडणारे पतंग जगावेत, आणि बीटी पचवलेल्या पतंगांशी त्यांचं मीलन व्हावं, म्हणजे पुढची पिढी सगळीच बीटी पचवणारी निपजत नाही. ही अख्खी युक्ती मी त्यांना ‘नियम आहे, कडेने लावा’ अशी सांगितली होती. मलाही प्रशिक्षणात तेवढंच सांगितलं होतं. मग त्यांना नीट सांगितलं. ते म्हणाले, “मंग गावानं मिळून लावलं पायजे, एकट्यानं लावून काय होते?” हे वाक्य एखाद्या कीटकशास्त्रज्ञाने म्हटलं असतं तर त्यावर निबंध निघाला असता. पतंग बांध ओळखत नाही.

पुढे पिशवीतच ते बियाणं मिसळून द्यायची पद्धत आली. तोवर बोंडअळीचं काम झालेलं होतं.

फरदडीचा प्रश्न मी आमच्या वैज्ञानिक सल्लागार समितीत मांडला होता. उत्तर आलं की लवकर येणारे वाण घ्यावेत आणि वेळेत हरभरा पेरावा. बरोबर आहे ते. ठेचा भाऊंच्या ‘कोरडवाहूवाल्यानं काय करावं’ याचं उत्तर मात्र माझ्या वहीत अजून कोरंच आहे.

कृषी केंद्र काउंटर

सगळे जण नाव न घेता ज्याला बोलताहेत तो दुकानदार मी. नमस्कार.

शेतकरी संध्याकाळी माझ्या काउंटरवर येतो. पान, फूल, बोंड खिशातून काढून टेबलावर ठेवतो. ‘भाऊ, हे काय आहे?’ तालुक्यात कुठल्या आठवड्यात कुठली कीड आली हे सर्वांत आधी मला कळतं. २०१७ मध्ये डोमकळी मी कधी पाहिली, ते आज बिलबुकावरून सांगू शकतो. आजवर एकाही शास्त्रज्ञाने विचारलं नाही. माझी वही बघायला फक्त तपासणीवाले येतात.

हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ मध्ये आमच्यासाठी पदविका काढली, देसी म्हणतात तिला. मी केली आहे. आठवड्यातून एक वर्ग, वर्षभर. चांगली आहे, मोकळेपणाने सांगतो. विद्यापीठाचे लोक येऊन शिकवायचे. पण तिथेही शिकवणारे ते, शिकणारे आम्ही. उलट तास एकदाही झाला नाही.

रानवाटा

काउंटर भाऊ, मुद्दा मान्य. पण तुमच्या टेबलावर बोंड ठेवणाऱ्याला तुम्ही बाटली न देता परत पाठवलंय असं किती वेळा झालं? रागावू नका, मनापासून विचारते.

कृषी केंद्र काउंटर

रागावत नाही मॅडम. कमी वेळा. उधारी माझ्याकडे, माल माझ्याकडे, आणि मी नाही दिली तर पलीकडचा देतो. म्हणून तर म्हणतो, माझ्याकडून सल्ला घेऊ नका, माहिती घ्या.

डब्लिनचा पाऊस

मूळ परभणीचा, सध्या आयर्लंडमध्ये, दुग्धव्यवसायाशी संबंधित कामात. इथलं उदाहरण देतो, तुलना म्हणून नाही. दोन्हीकडे पाऊस सोडला तर सारखं काहीच नाही.

इथे संशोधन, सल्ला आणि कृषी शिक्षण या तिन्ही गोष्टी १९८८ पासून एकाच संस्थेत आहेत, तिचं नाव टीगास्क (इथले लोक उच्चार ‘चॉगस्क’च्या जवळपास करतात, मला वर्ष लागलं जमायला). सल्लागार आणि शास्त्रज्ञ एकाच संस्थेचे नोकर. पण मला भावलं ते गवत मोजणं. शेतकरी दर आठवड्याला आपल्या कुरणातल्या गवताचा अंदाज घेऊन तो पाश्चरबेस नावाच्या प्रणालीत भरतो. त्यातून त्याला स्वतःला लगेच कळतं, गायी कुठल्या तुकड्यात सोडायच्या. आणि तीच माहिती कॉर्क परगण्यातल्या मूरपार्क केंद्रातले संशोधक वापरतात. आकडा भरणाऱ्याला आकड्याचा उपयोग त्याच दिवशी होतो, म्हणून तो खोटा भरत नाही. निरंक तर नाहीच.

शिवाय शेतकऱ्यांचे चर्चागट असतात. आळीपाळीने एकेकाच्या शेतावर जमायचं, सल्लागाराने बोलायचं कमी आणि प्रश्न विचारायचे जास्त. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, याला काही येत नाही की काय.

जुना सहायक

पाऊस भाऊ, गवताचं पटलं. माझ्या आकड्याचा मला काय उपयोग होता? वेळेत गेला नाही तर कारणे दाखवा, एवढाच.

चर्चागटासारखं आपल्याकडेही आहे बरं का. शेतीशाळा. इंडोनेशियात १९८९ च्या सुमारास भातावरच्या तुडतुड्यांसाठी सुरू झाली, तिथून जगभर गेली. शेतात गोलात बसायचं, झाड उपटून, किडे मोजून शेतकऱ्यांनीच चित्र काढायचं, निर्णय त्यांनीच घ्यायचा. मी घेतल्यात. त्यातल्या ज्या दोन-तीन खऱ्या झाल्या त्या अजून आठवतात. बाकीच्यांचे फोटो आहेत.

आणि मी नोकरीला लागलो तेव्हा जुने लोक ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजनेच्या गोष्टी सांगायचे. डॅनियल बेनोर नावाच्या इस्रायली तज्ज्ञाची पद्धत, जागतिक बँकेचा पैसा. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी जायचंच, घड्याळ लावून. त्या पद्धतीला नावं ठेवणारेही पुष्कळ होते, वरून आलेला निरोप पोपटासारखा सांगायचा म्हणून. पण तिच्यात महिन्याची एक कार्यशाळा असायची. शास्त्रज्ञ जिल्ह्याला यायचे आणि शेतातल्या अडचणी त्यांच्यासमोर ठेवल्या जायच्या. उत्तर नसेल तर ‘पुढच्या महिन्यात सांगतो’ म्हणायचे, आणि पुढच्या महिन्यात तोच माणूस समोर असायचा! पैसा संपला, कार्यशाळा गेली. निरोप सांगणं राहिलं.

कीटकवाला

काका, ‘तोच माणूस समोर असायचा’ हे खरं. मला आज पाचशे जणांच्या तीन गटांत टाकलंय व्हॉट्सअ‍ॅपवर. सकाळी सुप्रभात, दुपारी परिपत्रक, त्यात कुठेतरी एक पान पिवळं पडल्याचा फोटो. पीक कुठलं, पेरणी कधीची, जमीन कशी, काही नाही. उत्तर काय देणार, कपाळ?

मी एक करू शकतो. माझ्या विभागात फॉर्म बदलायची ताकद माझ्यात नाही. पण या धाग्यावर जे सहायक, शेतकरी आहेत त्यांनी फोटोसोबत चार गोष्टी लिहिल्या तर मी बघेन: पेरणीची तारीख, ल्यूर कधी बदलला, किती झाडं पाहिली, आणि शंका काय. शंका शेवटी लिहू नका, आधी लिहा.

वऱ्हाडी ठेचा

सर, मंग आताच विचारतो. बोंडं लागले आहेत पऱ्हाटीले. दोन सापळे लावले एकरात, आठ दिवस झाले, एक पतंग नाही. पाकीट फेकून देल्लं. आता ल्यूर कोनता हाय ते कसं समजाव?

जुना सहायक

ठेचा भाऊ, काउंटरकडे बिल असेल तर त्यावर नाव पाहा, पेक्टिनो लिहिलंय का. नसेल तर नवा आणा, पाकिटावर पीबीडब्ल्यू किंवा गुलाबी बोंडअळी असं वाचूनच घ्या. आणि हात पुसून लावा, एकाचा वास दुसऱ्याला लागू देऊ नका.

कृषी केंद्र काउंटर

आणि दुकानदाराने तो उन्हात ठेवला नव्हता ना, तेही विचारा. मी फ्रिजमध्ये ठेवतो, बायको ओरडते.

कीटकवाला

ल्यूर बदलेपर्यंत सापळ्यावर अवलंबून राहू नका. उद्या सकाळी वीस हिरवी बोंडं फोडा. दोन किंवा जास्त बोंडांत जिवंत अळी असेल तर लगेच इथे लिहा, काही फवारायच्या आधी.

वऱ्हाडी ठेचा

वीसबी एकाच कोपऱ्यातले चालतीन काय? तिकडून रस्ता जवळ पडते.

कीटकवाला

नाही. वावरात तिरपं चालत जा, वेगवेगळ्या झाडांची तोडा. आणि एकही अळी नाही निघाली तरी लिहा, किती फोडली ते.